‘नेक्स्ट’ दाबून झाले. शिकून झाले का?

रात्रपाळी संपवून घरी आलेली परिचारिका मोबाइल भिंतीला टेकवून ठेवते. जंतुसंसर्ग प्रतिबंधाच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची आज शेवटची तारीख. पाऊण तासाचा व्हिडिओ आहे आणि पडद्यावर जी वाक्ये दिसतात, तीच एक गंभीर आवाज वाचून दाखवतो आहे. ती व्हिडिओ चालू ठेवते आणि कुकर लावते. मध्ये मध्ये येऊन ‘नेक्स्ट’ दाबते. शेवटी दहा प्रश्न. चुकले तर पुन्हा, बरोबर येईपर्यंत कितीही वेळा. प्रमाणपत्र डाउनलोड होते, ते वॉर्डाच्या ग्रुपवर जाते, आणि वरिष्ठांच्या तक्त्यात तिच्या नावापुढे बरोबरची खूण होते.

परिचारिकेच्या जागी शिक्षक, बँक कर्मचारी, ग्रामसेवक किंवा डॉक्टर घातला तरी चित्र फारसे बदलत नाही. करोनाकाळापासून नोकरीतले प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर पडद्यावर आले आणि तिथेच राहिले. त्यात प्रवासखर्च वाचतो, सभागृहाचे भाडे वाचते, एकाच वेळी हजारोंना ‘प्रशिक्षित’ करता येते. त्या परिचारिकेला महिन्याभरानंतर त्यातले काय आठवते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आरोग्यक्षेत्रात हा प्रश्न विचारायलाच हवा. हात केव्हा धुवायचे, सलाइनची नळी किती दिवसांनी बदलायची, नवजात बाळ दूध नीट ओढत नाही हे कशावरून ओळखायचे, या गोष्टी विसरल्या तर त्याची किंमत शिकणारा मोजत नाही, रुग्ण मोजतो.

अशा वेळी दोष शिकणाऱ्याला देणे सोपे असते. लोकांना शिकायचेच नसते, असे म्हटले की विषय संपतो. पण ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’, म्हणजे शिकवण्याची शास्त्रीय आखणी, या क्षेत्रातले संशोधक गेली काही दशके उलट दिशेने पाहत आहेत. धडा असा बांधला आहे की तो न शिकताही पार करता येतो, मग शिकणारा तो तसाच पार करणार, असे त्यांचे म्हणणे आहे.

या संशोधनात पहिल्यांदा निकालात निघाला तो ‘ऑनलाइन चांगले की वर्गातले?’ हा वाद. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्य व्यावसायिकांच्या इंटरनेटवरील शिक्षणाविषयीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तो २००८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहीच प्रशिक्षण न देण्याच्या तुलनेत ऑनलाइन प्रशिक्षणाचा फायदा मोठा दिसला, यात नवल नाही. पण वर्गातल्या शिक्षणाशी तुलना केली तेव्हा सरासरी फरक किरकोळ निघाला आणि निकाल इकडेतिकडे विखुरलेले होते. काही ऑनलाइन अभ्यासक्रम वर्गापेक्षा सरस होते, काही वाईट. त्यानंतर कुक यांनी प्रश्नच बदलला. ऑनलाइनची तुलना वर्गाशी करण्यापेक्षा एका ऑनलाइन धड्याची दुसऱ्या ऑनलाइन धड्याशी करा, म्हणजे काय उपयोगी पडते ते कळेल. त्यांच्या गटाने २०१० मध्ये अशा ५१ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात काही गोष्टी उठून दिसल्या : शिकणाऱ्याला काहीतरी करायला लावणे, सराव देणे, तीच गोष्ट पुन्हा समोर आणणे आणि उत्तर दिल्यावर ते का चुकले हे सांगणे. व्हिडिओ किती देखणा आहे, याला त्यात स्थान नव्हते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच म्हटले होते की शिकवण्याचे माध्यम हे किराणा आणणाऱ्या ट्रकसारखे असते. ट्रक बदलल्याने घरातल्यांचे पोषण सुधारत नाही. तेव्हा या विधानावर बरीच वादावादी झाली. आज चकचकीत ‘लर्निंग प्लॅटफॉर्म’ विकत घेणाऱ्या संस्थांना मात्र ते ऐकवायला हवे, असे वाटते.

मग पोषण कशात आहे? त्यासाठी मेंदूतल्या एका अरुंद दरवाजाची ओळख करून घ्यावी लागते. नवी माहिती पक्की होण्याआधी ती आपल्या तात्पुरत्या, कामचलाऊ स्मृतीतून जाते. तिची क्षमता फारच तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती साधारण सात गोष्टींची सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हिशेब पुन्हा मांडला आणि आकडा चारच्या आसपास आणला. फोन नंबर टिपून घेताना कुणी मध्येच हाक मारली की नंबर विसरतो, तो याचमुळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात या तोकडेपणावरच आपला सिद्धांत उभा केला. धड्याची मांडणी गबाळी असेल तर ती मांडणी समजून घेण्यातच ही स्मृती खर्ची पडते आणि मूळ विषयासाठी काही उरत नाही. आकृती एका पानावर आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या पानावर असले की वाचणाऱ्याची डोळ्यांची ये-जा होते. स्वेलर यांच्या मते ही ये-जा म्हणजे वाया गेलेले कष्ट.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील रिचर्ड मेयर यांनी हेच तत्त्व चित्र आणि आवाजाच्या धड्यांना लावले आणि प्रयोगांमागून प्रयोग केले. सुरुवातीच्या परिचारिकेच्या व्हिडिओतला गंभीर आवाज त्यांच्या कसोटीत नापास होतो. पडद्यावर आकृती चालू असताना तेच वाक्य लिहून दाखवायचे आणि वाचूनही दाखवायचे, यात शिकणाऱ्याला दुप्पट मिळते असे बनवणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात डोळे आकृती सोडून अक्षरांमागे जातात, वाचण्याचा वेग आणि ऐकण्याचा वेग जुळत नाही, आणि मेंदू दोन्ही एकच आहेत ना, हे ताडून पाहण्यात गुंततो. आकृतीसोबत नुसता आवाज असला तर लोक अधिक शिकतात. (ऐकण्याची भाषाच परकी असेल तर लिखित शब्दांची मदत होते, हा अपवाद मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा.) मागे वाजणारे संगीत, विषयाशी संबंध नसलेला मजेशीर किस्सा, कोपऱ्यात नाचणारे चिन्ह, यांनीही शिकणे घटते. याउलट धडा छोट्या तुकड्यांत देऊन पुढे कधी जायचे हे शिकणाऱ्याच्या हाती ठेवले, किंवा पुस्तकी भाषेऐवजी समोर बसून बोलल्यासारखे बोलले, तर फायदा होतो.

तुकडे किती छोटे असावेत? ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक त्यावर टिकून राहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. शिवाय चकाचक स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावणारे साधे व्हिडिओ लोकांनी अधिक वेळ पाहिले. मात्र जास्त वेळ पाहणे म्हणजे जास्त शिकणे नव्हे. तो हिशेब वेगळ्याच प्रयोगांनी लावला.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवत होते, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. दोन दिवसांनी चित्र उलटले. वाचणारे ५४ टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६८ वर टिकले. आठवड्यानंतर ४२ विरुद्ध ५६.

म्हणजे आठवण्याची धडपड ही फक्त शिकलेले मोजण्याची फूटपट्टी नाही. ती धडपड हेच शिकणे आहे. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात एका गटाने उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिला. आठवड्यानंतर चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, एकदाच वाचणाऱ्यांना ६१. यातली खरी मेख पुढे आहे. आठवड्यानंतर किती लक्षात राहील, असा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता. चार वेळा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास सर्वांत जास्त होता. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे झाले म्हणजे आले, असे वाटते. परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेनाने अख्खे पुस्तक रंगवलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही.

प्रौढांच्या प्रशिक्षणात हा भ्रम अधिक महागात पडतो. तिथे धड्याची गुणवत्ता बहुधा शेवटच्या ‘फीडबॅक फॉर्म’वरून ठरते, आणि ज्या धड्यात डोक्याला ताप होत नाही, त्याला पाचपैकी पाच तारे मिळतात. मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा, चुकवणारा, पुन्हा विचार करायला लावणारा धडा लोकांना त्रासदायक वाटतो. म्हणजे बनवणाऱ्याला शाबासकी मिळते ती नेमक्या चुकीच्या धड्यासाठी.

प्रश्न शेवटी विचारावेत की मध्ये? हार्वर्डमधील कार्ल श्पुनार, नोव्हॉल खान आणि डॅनिएल शॅक्टर यांनी संख्याशास्त्रावरचे २१ मिनिटांचे ऑनलाइन व्याख्यान चार भागांत तोडले. काहींना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, काहींना दिली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चाचणी देणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले आणि त्यांनी काढलेल्या टिपा सुमारे तिप्पट झाल्या. शेवटच्या परीक्षेत ते सरस ठरले, आणि त्या परीक्षेची त्यांना धास्तीही कमी वाटली. कुकर लावायला उठून जाणे या व्याख्यानात जमले नसते. पाच मिनिटांनी प्रश्न येणार हे ठाऊक होते.

खरे तर ही युक्ती आपल्याकडे कागदावर होतीच. दूरस्थ शिक्षण देणाऱ्या मुक्त विद्यापीठांच्या स्वयंअध्ययन पुस्तकांत मजकुराच्या मध्येच प्रश्न असतात आणि खाली उत्तरासाठी कोऱ्या ओळी. बरेच जण त्या कोऱ्या ठेवून थेट मागची उत्तरे पाहतात, हेही खरे. पण निदान तिथे थांबायची जागा होती. पुस्तकाचा व्हिडिओ झाला तेव्हा ती बहुतेक ठिकाणी गळून पडली.

दुसरा प्रश्न वेळेचा. एकदा शिकवून भागत नाही, हे हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि किती वेगाने विसरतो ते मोजायचा. पण उजळणी नेमकी किती दिवसांनी करावी? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३०० हून अधिक लोकांवर याचा प्रयोग केला. आठवड्याभरानंतर आठवायचे असेल तर एका दिवसानंतर केलेली उजळणी सर्वांत उपयोगी ठरली. पण जवळपास वर्षभर टिकवायचे असेल तर सुमारे तीन आठवड्यांनी केलेली. लगेच केलेल्या उजळणीचे काम दांडगे वाटते, टिकते मात्र कमी. थोडे विसरू द्यावे आणि मग आठवायला लावावे.

हे सूत्र नोकरीतल्या माणसांवर सर्वांत नेटाने वापरून पाहिले ते बोस्टनमधील मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. प्राइस केरफूट यांनी. ते हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवतात. निवासी डॉक्टरांना अभ्यासाला वेळ नसतो, झोपेलाही नसतो. केरफूट यांनी अमेरिका आणि कॅनडातील मूत्ररोगशास्त्राच्या पाचशेहून अधिक निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना तेच ९६ प्रश्न, तीच स्पष्टीकरणे. एका गटाला २००५ च्या जूनमध्ये सगळे प्रश्न एकाच ई-मेलने पाठवले. दुसऱ्याला तेच प्रश्न पुढचे काही महिने रोज एक-दोन असे, ठरावीक अंतराने पुन्हा येतील अशा बेताने गेले. प्रश्न दोन मिनिटांचा. राउंड आणि कॅन्टीन यांच्या मधल्या वेळेत सुटणारा. वार्षिक परीक्षेत त्या विषयांवर दुसऱ्या गटाची प्रगती अधिक होती.

परीक्षेतले गुण ठीक, पण रुग्णाला त्याचा काय फायदा? तेही त्यांनी तपासले. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ‘पीएसए’ ही रक्तचाचणी सरसकट सर्वांची करू नये, असे मार्गदर्शन असते. अगदी वृद्ध रुग्णात तिच्यामुळे उपयोग कमी आणि अनावश्यक बायॉप्सी, काळजी आणि खर्च अधिक होतो. तरीही सवयीने ती लिहिली जाते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील डॉक्टर आणि इतर चिकित्सकांच्या एका गटाला केरफूट यांनी काही आठवडे अशीच प्रश्नांची ई-मेल पाठवली. उत्तरे किती बरोबर आली यापेक्षा, त्यांनी प्रत्यक्षात किती अनावश्यक चाचण्या लिहिल्या हे रुग्णालयाच्या नोंदींवरून मोजले. त्या घटल्या, आणि ई-मेल थांबल्यानंतरही वर्षाहून अधिक काळ कमीच राहिल्या. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कुणालाही सभागृहात बोलावले नव्हते आणि कुणाचीही पाऊण तासाची चित्रफीत पाहायला लावली नव्हती.

महाराष्ट्रातही या विषयावर गंभीर काम झाले आहे आणि त्यातले बरेचसे पवईत. आयआयटी मुंबईतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प संगणकावरील मुक्त प्रणाली शिकवतो. त्यातील धडे साधारण दहा मिनिटांचे. पडदा इंग्रजीतला तोच राहतो, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. नोकरीत तोच इंग्रजी पडदा समोर येणार आहे, हे त्यामागचे साधे गणित. शिकणाऱ्याने पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्यात प्रत्यक्ष प्रणाली उघडायची, एक कृती पाहायची, थांबवायचे, स्वतः करायची. स्वेलर यांची तोकडी स्मृती आणि रोडिगर यांची आठवण्याची धडपड, दोन्हींचा विचार त्यात आपसूक होतो. आणखी एक गोष्ट या प्रकल्पात विशेष आहे. आधी संहिता लिहिली जाते आणि ध्वनिमुद्रणापूर्वी ती विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतली जाते. तज्ज्ञाला जी पायरी इतकी उघड वाटते की तो ती सांगायलाच विसरतो, तिथे नवखा अडकतो, आणि ती पायरी मग संहितेत येते. सरकारी प्रशिक्षणांत असा एक नवखा माणूस नेमला, तर निम्म्या स्लाइड गळतील.

याच पद्धतीतून बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्यासह ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’ उभे राहिले. त्याचा विषय माता आणि बाळांचे पोषण. स्तनपानाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हे वाक्य आशा आणि अंगणवाडी सेविकांना पाठ असते. पण दूध पाजूनही बाळाचे वजन वाढत नसेल तर काय पाहायचे? अनेकदा अडचण बाळाच्या पकडीत असते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, आणि नुसते स्तनाग्र नव्हे तर भोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, बाळाच्या तोंडात हवा. हे वाक्य वाचून करता येणार नाही. हात कुठे, बाळाची मान कशी, कुठल्या क्षणी बाळाला जवळ ओढायचे, हे जवळून आणि टप्प्याटप्प्याने दाखवावे लागते. या धड्यांत ते तसे दाखवले आहे, मराठीतही. घोषवाक्य आणि धडा यांत फरक असतो, तो इथे दिसतो.

आयआयटी मुंबईतच शिक्षण तंत्रज्ञान विषयाच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारा आराखडा तयार केला आणि त्याचे प्रशिक्षण अध्यापकांनाही दिले. त्यात व्हिडिओच्या मध्ये शिक्षक थांबतो, प्रश्न टाकतो आणि सांगतो की इथे व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे चला. शिक्षकाने जागा सोडायची आणि शिकणाऱ्याने ती भरायची. गप्प राहणे शिक्षकांना जड जाते, हे वर्गात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

स्मार्टफोन नसेल तरी अडत नाही. ‘बीबीसी मीडिया ॲक्शन’ने बिहारमध्ये सुरू केलेली आणि नंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय पातळीवर नेलेली ‘मोबाइल अकॅडमी’ आशा सेविकांसाठी साध्या फोनवर चालते. नंबर फिरवायचा, डॉ. अनिता नावाच्या पात्राचा आवाज ऐकायचा, प्रकरण संपले की फोनची बटणे दाबून प्रश्नांची उत्तरे द्यायची. चार तासांचा हा अभ्यासक्रम लहान लहान धड्यांत तोडलेला आहे आणि फोन कट झाला तर जिथे सोडला तिथून पुढे सुरू होतो. शेतातून, घरभेटीहून परतताना, बसची वाट पाहताना शिकणाऱ्या बाईचा विचार करून केलेली ही आखणी आहे.

प्रौढ शिकणारा आणि शाळकरी मूल यांत एक फरक हाच : प्रौढाला दुसरी कामे असतात. तो अर्ध्यावर सोडतो. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी ते पूर्ण केले. अर्थात नाव नोंदवणारे सगळेच पूर्ण करायच्या इराद्याने येत नाहीत. तरी गळती थांबवण्यासाठी मानसशास्त्राच्या छोट्या युक्त्या सुचवल्या गेल्या, जसे की सुरुवातीलाच ‘मी कोणत्या दिवशी, किती वाजता अभ्यास करीन’ हे लिहून घेणे. लहान प्रयोगांत त्याचा चांगला परिणाम दिसला. मग रेने किझिल्सेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच लाख शिकणाऱ्यांवर तोच प्रयोग केला. पहिले काही आठवडे थोडा फरक पडला, पुढे तो विरला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल या क्षेत्रातल्या उत्साही मंडळींना जमिनीवर आणणारा आहे. वेळच नसलेल्या माणसाकडून वेळापत्रक लिहून घेतल्याने वेळ निर्माण होत नाही. कामाच्या तासांतच शिकण्यासाठी वीस मिनिटे दिली पाहिजेत, हे व्यवस्थापनाचे काम आहे.

दुसरा फरक अनुभवाचा. वीस वर्षे प्रसूतिकक्षात काढलेली परिचारिका आणि कालच रुजू झालेली मुलगी यांना एकच धडा दिला जातो. स्लावा कालयुगा आणि स्वेलर यांच्या संशोधनातून दिसले की नवख्याला मदत करणारे पायरी-पायरीचे स्पष्टीकरण जाणत्याला अडथळा ठरते. जे आधीच येते ते पुन्हा वाचण्यात त्याचा मेंदू शिणतो. त्यामुळे चांगल्या आखणीत आधी दोन-तीन प्रश्न विचारतात. ज्याला येते तो पुढे जातो. सर्वांना सक्तीने पाऊण तास बसवणे हे समतेचे लक्षण वाटत असेल, पण जाणत्याच्या वेळेचा आणि मानाचा त्यात विचार नाही.

तरीही काही गोष्टी पडद्यावर कितीही चांगल्या आखल्या तरी हातात उतरत नाहीत. बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचे तंत्र, म्हणजे सीपीआर, हे त्याचे ठळक उदाहरण. प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते, पण कौशल्य काही महिन्यांतच घसरू लागते, असे अभ्यासांत वारंवार दिसले. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका कार्यक्रमात दोन वर्षांनी एकदा दिवसभर वर्ग घेण्याऐवजी पुतळा आणि संगणक असलेली गाडी रुग्णालयातच ठेवतात. दर तीन महिन्यांनी परिचारिका आपल्या कामाच्या वेळेतच तिथे येते, थोडा वेळ छाती दाबते. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर. दाब उथळ पडला, तर तिथल्या तिथे पडद्यावर दिसते, आणि ती तळहात नीट टेकवून पुन्हा दाबायला लागते.